९० वरून ६८ : ‘नुसत्या सर्दी’चा हिशोब

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझं वय ४१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेली सात-आठ वर्षं सकाळी डोळा उघडला की शिंका सुरू होतात, त्या परिपाठापर्यंत थांबत नाहीत. रात्री नाक चोंदतं, तोंडाने श्वास घेऊन घशाला कोरड पडते. ऑक्टोबरात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. ‘ॲलर्जिक ऱ्हायनायटिस’, म्हणजे ॲलर्जीची सर्दी, असं निदान झालं, नाकात मारायचा स्प्रे मिळाला, आणि हातात २८ प्रश्नांचा एक कागद ठेवला. झोप लागते का, चिडचिड होते का, रुमाल जवळ बाळगावा लागतो त्याचा किती त्रास होतो... प्रत्येकाला ० ते ६ मधला आकडा द्यायचा, ० म्हणजे त्रास नाही, ६ म्हणजे सर्वांत जास्त. तीन महिन्यांनी, जानेवारीत, तोच कागद पुन्हा भरून घेतला. ऑक्टोबरात बेरीज ९० होती, आता ६८ आहे. सरासरी ३.२ वरून २.४. डॉक्टर खूश. मिस्टर म्हणाले, “एवढी फी, एवढा स्प्रे, आणि फरक पॉइंट आठ?” त्यांच्या ऑफिसातल्या एकांचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीसाठी रक्तात तपासतात तो आकडा, नऊशेच्या वर आहे, माझं २१०. म्हणून माझं ‘काहीच नाही’ असं घरात ठरलंय.

खरं सांगायचं तर कागद भरताना मलाही लाज वाटत होती. ‘चिडचिड’ला ४ लिहिलं, मग वाटलं आपण जरा वाढवूनच सांगतोय. साध्या सर्दीसाठी एवढा तमाशा? सासूबाईंना माझ्या शिंकांचा वेगळाच जाच आहे. पुतण्याच्या साखरपुड्याला पाहुणे दारात असताना मला शिंक आली, तर मला स्वयंपाकघरातच थांबायला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी भजनी मंडळही सोडलं. अभंगाच्या मध्येच शिंका, कोण सहन करणार? असो. रात्री फारच झालं तर मेडिकलमधून सर्दीची गोळी आणते. स्प्रे बरं वाटलं की बंद करते, सवय नको. दोन्ही भरलेल्या कागदांच्या प्रती सोबत पाठवते आहे. माझा प्रश्न एवढाच : त्रास असा आकड्यात मोजता येतो का? आणि या ६८ चं मी काय करू?

— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

कागदांच्या प्रती पाठवल्यात ते फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत ‘खूप त्रास होतो’ एवढंच असतं आणि मग मला अंदाजपंचे लिहावं लागतं. तुमचे दोन कागद शेजारी ठेवले की बरंच काही दिसतं, तुमच्या मिस्टरांना दिसलं त्यापेक्षा पुष्कळ जास्त.

आधी आयजीईचं निकाली काढू. रक्तातलं एकूण आयजीई वाढलेलं असलं तर शरीराचा कल ॲलर्जीकडे असू शकतो, एवढंच त्यातून कळतं. ते जंतांनीही वाढतं, त्वचेच्या इसबानेही वाढतं. नऊशेवाला माणूस रात्रभर घोरत निवांत झोपत असेल आणि २१० वाली बाई पहाटे तीनला उशीला टेकून बसलेली असेल, यात वैद्यकशास्त्राला काहीही विचित्र वाटत नाही. नाकात दुर्बीण घालून पाहिलं तरी तेच. सूज दिसते, जाच दिसत नाही. शिंका मोजल्या तरी भागत नाही, कारण दहा शिंका घरात येणं आणि दहा शिंका वर्गासमोर येणं, हिशोब एकच असला तरी भोग वेगळा.

म्हणूनच तो २८ प्रश्नांचा कागद जन्माला आला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एलिझाबेथ जुनिपर या मूळच्या फिजिओथेरपिस्ट आणि गॉर्डन गायट हे डॉक्टर, या दोघांनी तो १९९१ साली प्रसिद्ध केला. मला त्यांची पद्धत आवडते. टेबलाशी बसून ‘रुग्णाला काय होत असेल’ याची यादी त्यांनी केली नाही. हाच आजार असलेल्या माणसांनाच विचारलं की तुम्हाला कशाकशाचा त्रास होतो आणि त्यातलं काय जास्त खुपतं. जे पुष्कळांनी सांगितलं आणि जे पुष्कळांना महत्त्वाचं वाटलं, ते प्रश्न राहिले. तुम्हाला हसू आलं असेल असा ‘रुमाल जवळ बाळगावा लागतो’ हा प्रश्न त्यामुळेच तिथे आहे. डॉक्टरच्या डोक्यात तो कधीच आला नसता. आणि ‘चिडचिड’ही तिथे आहे, कारण तुमच्या आधी कितीतरी लोकांनी आपणहून ती सांगितली. तेव्हा ४ लिहिताना लाजायचं कारण नाही. प्रश्न विचारला गेलाय तोच मुळी तुमच्यासारख्यांच्या तक्रारीवरून.

पॉइंट आठचं काय? ० ते ६ च्या मापात ०.८ म्हणजे फारच किरकोळ, असं कुणालाही वाटेल. जुनिपरबाईंनाही हाच प्रश्न पडला होता : आकडा किती हलला की माणसाला खरोखर फरक जाणवतो? त्याचं उत्तर शोधताना त्यांनी रुग्णांनाच विचारलं, गेल्या वेळेपेक्षा आता कसं वाटतं? ‘थोडं बरं’ म्हणणाऱ्यांचा सरासरी आकडा साधारण अर्ध्या गुणाने हललेला निघाला. तेव्हापासून ०.५ ही खूण धरली जाते. त्याखालचा फरक आजच्या-उद्याच्या मनःस्थितीचाही असू शकतो. तुमचा ०.८ त्या खुणेच्या वर आहे. मिस्टरांना सांगा, शंभरातले आठ टक्के असं हे गणित नाही.

पण मी तुमच्या डॉक्टरांइतका लगेच खूश होणार नाही, कारण सरासरीच्या पोटात काय आहे ते मी पाहिलंय. तुम्हीही बघा. झोपेचे तीन प्रश्न : बेरीज १३ होती, आता ५. म्हणजे प्रश्नामागे सव्वाचार होते ते दीडपावणेदोनवर आले. हा एकट्या झोपेचा फरक अडीचच्या वर जातो! नाकाचे चार प्रश्न १५ वरून १०. थकवा, डोकेदुखी, लक्ष न लागणं वगैरे सात प्रश्नांचे २० चे १३ झाले. डोळ्यांचे चार प्रश्न ६ होते, ६ च राहिले. ते मुळात कमी होते, सोडून देऊ. रुमाल, नाक चोळणं, सारखं शिंकरणं या तीन प्रश्नांचे १३ चे १२. तुम्ही निवडलेल्या तीन कामांचे ११ चे १०. आणि भावनांचे चार प्रश्न, म्हणजे वैताग, अस्वस्थता, चिडचिड, चारचौघांत ओशाळं होणं, ते १२ होते आणि १२ च आहेत.

म्हणजे रात्र सुधारली, दिवस फारसा सुधारला नाही. ‘३.२ वरून २.४’ या एका ओळीत हे कुठेच दिसत नाही. म्हणूनच पुढच्या खेपेला नुसती सरासरी विचारू नका, सातही गटांचे आकडे लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि डॉक्टरला त्यासाठी दोन मिनिटंही लागत नाहीत.

यात एक मेख आहे. पहिला कागद ऑक्टोबरातला, दुसरा जानेवारीतला. पावसाळा सरता सरता आपल्याकडे गवतं फुलोऱ्यावर येतात, रस्त्याकडेचं गाजरगवत पांढरं होऊन डोलत असतं, घरात ओल असते, बुरशी असते. जानेवारीपर्यंत यातलं बरंचसं ओसरतं. तेव्हा २२ गुणांतले किती स्प्रेचे आणि किती ऋतूचे, हे आज कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. खरी तुलना येत्या ऑक्टोबरातल्या कागदाशी. रात्री नाक चोंदण्याला धुळीतले माइट, म्हणजे गादीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे किडे, पुष्कळदा जबाबदार असतात आणि ते बारा महिने घरातच मुक्कामाला असतात, म्हणून झोपेतल्या सुधारणेचं श्रेय स्प्रेला द्यायला माझा हात फारसा अडत नाही. पण हा माझा अंदाज, कागदाचा निकाल नव्हे.

आता तुमच्या पत्रातलं जे मला सगळ्यात जास्त टोचलं ते. कागदात तीन कामं स्वतः निवडायची असतात, ज्यांत आजारामुळे अडथळा येतो अशी. तुम्ही लिहिलंत : फळ्यावर लिहिणं, घर झाडणं, धान्य पाखडणं. तिन्ही कामं दुसऱ्यांसाठी करायची. भजन कुठे गेलं? ते तुम्ही दोन वर्षांपूर्वीच सोडलंत, म्हणून ते आठवड्याच्या हिशोबात आलंच नाही. या मोजमापाची ही पळवाट मला नेहमी खटकते. माणूस त्रासाच्या अंगाने आपलं जगणं कापून आखूड करत जातो आणि मग ‘गेल्या आठवड्यात काय अडलं?’ असं विचारलं की म्हणतो, विशेष काही नाही. जे करायचंच सोडलं त्यात अडणार काय? प्रश्न बदलू नका, ते जसेच्या तसे ठेवले तरच जुन्या कागदाशी तुलना होते. पण कागदाच्या पाठीवर एक ओळ लिहा : या आजारामुळे मी काय काय सोडलं. भजन. आणखी असेलच. तुम्ही ‘असो’ म्हणून पुढे गेलात, पण डॉक्टरने तिथे थांबायला हवं.

कागद भरण्याबद्दल थोडं. फक्त गेल्या सात दिवसांचं आठवा, सात वर्षांचं नको. डॉक्टरशी बोलण्याआधी भरा, नंतर नाही. एकदा त्यांनी ‘सूज बरीच कमी आहे हं’ असं म्हटलं की हात आपोआप लहान आकड्यांकडे वळतो. आणि एकट्याने भरा. शेजारी मिस्टर बसून ‘अगं, कुठे एवढं होतं तुला?’ म्हणत असतील तर तो कागद तुमचा राहत नाही. जुनिपरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वेगळं प्रश्नपत्रक केलंय, त्यात २३ प्रश्न आहेत, आणि तिथेही उत्तरं मुलाकडूनच घेतात, आईबापांकडून नाही. सहा वर्षांच्या पोराला विश्वासाने विचारायचं आणि ४१ वर्षांच्या बाईला ‘वाढवून सांगतेस’ म्हणायचं, हे काही मला पटत नाही.

तुमच्या आजाराला ‘नुसती सर्दी’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २००१ मध्ये या आजाराची जी वर्गवारी ठरली, तिचं नाव ‘एरिया’, त्यात सौम्य की मध्यम-ते-तीव्र हे ठरवायला रक्ताची तपासणी नाहीच. झोप मोडते का? रोजची कामं, खेळ, विरंगुळा अडतो का? शाळा किंवा नोकरीत अडचण येते का? लक्षणं त्रासदायक आहेत का? यातल्या एकालाही ‘हो’ आलं की आजार सौम्य राहत नाही. तुमची ऑक्टोबरातली चारही उत्तरं ‘हो’ आहेत. आठवड्यात चारपेक्षा कमी दिवस किंवा सलग चारपेक्षा कमी आठवडे त्रास असेल तर तो अधूनमधूनचा. तुमचा त्या कुंपणाच्या केव्हाच बाहेर गेलाय. घरात जे ‘काहीच नाही’ ठरलंय, त्याला वैद्यकीय भाषेत ‘सततचा, मध्यम ते तीव्र’ म्हणतात.

आता स्प्रे. तो बरं वाटलं की बंद करणं, हे तुमच्या अर्धवट सुधारणेचं मला सर्वांत संभाव्य वाटणारं कारण. सवय लागते ती दुसऱ्या औषधाची : चोंदलेलं नाक पाच मिनिटांत मोकळं करणारे जे थेंब मेडिकलमध्ये मागितले की मिळतात, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनवाले, ते चार-पाच दिवसांपलीकडे वापरले की उतरताना नाक आणखी चोंदतं आणि माणूस पुन्हा बाटली उचलतो. तुमच्या स्टेरॉइड स्प्रेचं तसं नाही. त्याने लगेच काही वाटत नाही, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे रोज मारावा लागतो, आणि म्हणूनच ‘आज बरंय, राहू दे’ म्हटलं की मागचे दिवस पाण्यात. किती महिने चालवायचा, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं, तुमच्या त्या दिवसाच्या शिंकांनी नाही.

मारायची रीतही तपासा, कारण बहुतेक जण चुकीचा मारतात आणि मग औषधाला नावं ठेवतात. आधी नाक हलकं शिंकरून मोकळं करा. मान मागे टाकू नका, किंचित खाली झुकवा. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. असं केलं की स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसू द्यायचा नाही, तिथूनच रक्त येतं. मारताना श्वास हळू घ्या, जोरात सुरकलात तर औषध घशात जाऊन कडू लागेल आणि नाकाला काही मिळणार नाही. नंतर लगेच शिंकरू नका.

मेडिकलमधली ‘सर्दीची गोळी’ बंद करा, असं मी स्पष्टच लिहितो. त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. रात्री गुंगी येते, तुम्हाला वाटतं झोप लागली, पण दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन तासिकांना डोकं जड असतं. तुमचे थकव्याचे-लक्ष न लागण्याचे १३ गुण अजून उरलेत, त्यातले काही आजाराचे नसून या गोळीचे असावेत असा मला संशय आहे. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सांगतो : इंग्लंडमध्ये २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पंधरा ते सतरा वर्षांच्या सुमारे अठराशे विद्यार्थ्यांचा. परीक्षेच्या दिवशी परागकणांच्या ॲलर्जीची लक्षणं असलेल्यांची सराव परीक्षेपेक्षा अंतिम परीक्षेत श्रेणी घसरण्याची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि गुंगी आणणारी गोळी घेतलेल्यांमध्ये ७० टक्क्यांनी. तुमच्या वर्गातही एखादं शेंबडं पोर मागच्या बाकावर पेंगत असेल. त्याला ‘आळशी’ म्हणण्याआधी एकदा विचारा, रात्री नाक चोंदतं का. गोळी लागतच असेल तर गुंगी न आणणाऱ्या पर्यायाबद्दल डॉक्टरांना विचारा.

घरातलं थोडक्यात. जुनी गोधडी कितीही उबदार असली तरी ती माइटचं माहेरघर. उशीचे अभ्रे, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. धान्य पाखडताना एन-९५ मास्क. शाळेत फळा कोरड्या डस्टरऐवजी ओल्या फडक्याने पुसा. खडूची धूळ ही सहसा ॲलर्जी नसते, पण आधीच सुजलेल्या नाकाला ती डिवचते. याने चमत्कार होत नाही, पण स्प्रेचं काम हलकं होतं. शिंकांबरोबर छातीत घरघर, धाप, रात्रीचा कोरडा खोकला सुरू झाला, किंवा एकाच बाजूचं नाक कायम बंद राहून त्यातून रक्त येऊ लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

राहिले भावनांचे ते १२. ते स्प्रेने हलले नाहीत याचं मला नवल वाटत नाही. साखरपुड्याच्या दिवशी तुम्हाला स्वयंपाकघरात बसवलं ते काही नाकातल्या सुजेने नाही. आपल्याकडे निघताना शिंक आडवी आली की चप्पल काढून परत बसणारी माणसं अजून आहेत, काम बिघडलं की ‘कुठे माशी शिंकली’ म्हणतो आपण. ज्या बाईला दिवसाला पन्नास शिंका येतात ती मग घरातल्या प्रत्येक शुभकार्यात आरोपी. सासूबाईंशी वाद घालून हे सुटेल असं मला वाटत नाही, त्या वयात तर नाहीच. पण मिस्टरांकडून अपेक्षा करायला हरकत नाही. त्यांना आकड्यांची आवड दिसतेय, तर कोरा कागद त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, मी काय उत्तरं दिली असतील ते भरा बघू. मग तुमचा कागद शेजारी ठेवा. नाकाच्या प्रश्नांत ते फारसे चुकणार नाहीत. ‘चारचौघांत ओशाळं वाटतं का’ इथे त्यांनी काय लिहिलंय ते मात्र जरूर बघा, आणि पुढच्या कार्यात दारात पाहुणे असताना तुम्हाला आत बसायला सांगितलं तर बोलायचं काम त्यांचं, तुमचं नाही, हे त्याच वेळी ठरवून टाका.

भजनाला मात्र ऑक्टोबरची वाट पाहू नका. दोन आठवडे एकही दिवस न चुकवता स्प्रे मारा आणि जा.

पुढच्या भेटीला दोन्ही कागद, पाठीवरची ती ओळ, आणि तुम्ही घेता त्या गोळीचं रिकामं पाकीट घेऊन जा. नेमकी कशाची ॲलर्जी आहे हे पाहायला त्वचेवरची टोचणी-चाचणी करावी का, हेही विचारा. करायची ठरली तर सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी ‘नाही’ दाखवते. नाकातला स्प्रे चालू ठेवला तरी चालतो.